भाओजींची वही आणि खाली घेतलेलं नेटवर्क

तीर्थस्वरूप भाओजींस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून तो मनातल्या मनात घातला, पण पूर्ण घातला.) इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; खरी स्थिती खाली येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं पित्त शमलं का? तुमचा फोन गेले आठ दिवस लागत नाही, त्यामुळे जिवाला घोर लागून राहिला आहे. ताईचा लागतो. ती म्हणते, तुम्ही आंघोळीला गेला आहात. भाओजी, आठ दिवस आंघोळ कातडीलाही बरी नव्हे. ईमेल करावा, तर तो ज्या यंत्रातून जातो त्या यंत्राचंच रडगाणं गायचं आहे. म्हणून शेवटी कागद, पेन आणि पोस्टाची पेटी.

तुम्हाला ठाऊक आहेच, तरी मागचं पुन्हा सांगतो, कारण राग आला की मला पहिल्यापासून सांगावं लागतं. मी या कवळ्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं हंगामी आहे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाची मापं कॉम्प्युटरवरून पाठवतात, ती मी उतरवून घेतो आणि साचेवाल्याकडे देतो. दर अकरा महिन्यांनी मला एक कागद मिळतो, त्यावर 'आणखी अकरा महिने' असं असतं. घरी ही विचारते, या वेळी काय लिहिलंय, आणि मी चष्मा पुसायला घेतो. मला त्याची लाज वाटते, भाओजी. हे तुम्हाला कधी बोललो नाही, आता लिहितो. तर गेल्या महिन्यात अंगणापलीकडे कारखान्याची नवी इमारत उभी राहिली आणि मालक म्हणाले, ती इमारत जुन्या नेटवर्कला जोडून दे, त्याच दिवशी तुला कायम करतो. मलाच का म्हणाले? कारण मागच्या खोलीतलं ते युनिक्सचं मुख्य यंत्र चार वर्षांपूर्वी तुम्ही बसवलंत, आणि मी बेसावध क्षणी बोलून गेलो होतो की भाओजींनी मला सगळं शिकवलंय. (तुम्ही मला त्याची धूळ कुठल्या फडक्याने पुसायची ते शिकवलं होतं.)

तरीही मी घाबरलो नाही, कारण माझ्याकडे तुमची वही होती. काय ते अक्षर, काय त्या तांबड्या शाईच्या रेघा! 'यंत्राचा पत्ता बदलणे' हे पान मी काढलं. प्रत्येक यंत्राला नेटवर्कात एक आकडी पत्ता असतो, नव्या इमारतीमुळे मुख्य यंत्राचा पत्ता बदलायचा होता, इतकं मला समजलं. पानावर लिहिलं होतं: 'प्रथम जोडणी खाली घ्यावी.' मी माझ्या टेबलावरूनच, माझ्या कॉम्प्युटरवरून त्या मुख्य यंत्रात शिरलो, तुमची आज्ञा अक्षर न् अक्षर टाइप केली आणि एंटर दाबलं. जोडणी खाली गेली. अगदी मुकाट गेली. आणि तिच्याबरोबर मीही गेलो, कारण मी त्या यंत्राशी बोलत होतो तो त्याच जोडणीवरून! म्हणजे फोनवर समोरच्याला सांगावं की आधी फोन ठेव, मग पुढचं सांगतो, आणि त्या भल्या माणसाने तो ठेवावा. माझा पडदा जो गोठला तो गोठलाच. मी वहीतली पुढची ओळ वाचली. पुढची ओळ होती: 'यापुढचे सोपे आहे.' भाओजी, मी तुमचा आदर करतो. पण ती ओळ मी अकरा वेळा वाचली आणि दर वेळी आदर थोडा थोडा कमी होत गेला. मग पान उलटलं. (ते कधीकाळी चहा सांडल्यामुळे पुढच्याला चिकटलं होतं, नखाने सोडवावं लागलं.) मागे तांबड्या शाईत, चौकटीत होतं: 'वरील कृती यंत्रासमोर बसूनच करावी. लांबून कदापि करू नये.' जी गोष्ट कदापि करू नये ती पानाच्या मागे लिहिण्याची तुमची काय कल्पना होती, ते भेटीत सांगा.

तुम्ही म्हणाल, मग उठून यंत्रासमोर जाऊन बसायचं होतं. गेलो ना! दार बंद. त्या दाराला मूठ नाही, कडी नाही, कुलूप नाही. भिंतीवरच्या डबीला आपलं कार्ड दाखवायचं, ती डबी नेटवर्कवरून मुख्य यंत्राला विचारते की या माणसाला आत घेऊ का, आणि यंत्र हो म्हणालं की दार उघडतं. ही सोयसुद्धा तुमचीच. आता यंत्र आतून बोलत नाही म्हणून दार उघडत नाही, आणि दार उघडत नाही म्हणून यंत्राला बोलतं करता येत नाही. मालकांनी मेन स्विच पाडून पाहिला. चौदा माणसांचा उजेड गेला, भट्टी थंड पडली, एका बाईंच्या वरच्या कवळीला तडा गेला. यंत्र मात्र तुम्ही आत बसवलेल्या बॅटरीवर निवांत गुणगुणत होतं, आणि दार त्याच बॅटरीवर घट्ट मिटलेलं होतं. बॅटरी संपेपर्यंत थांबावं तर भट्टीला तेवढी सवड नाही. मी भीत भीत दार तोडायचं सुचवलं. मालक म्हणाले, एक वेळ माणूस तोडीन, दार नाही. ते दार मालकिणीच्या पसंतीचं आहे, त्याच्यासाठी दोघांत आठवडाभर अबोला झाला होता म्हणे.

आता जे झालं ते नीट बसून वाचा. तुमच्या वहीच्या शेवटी 'नेटवर्क कसे चालते' या नावाखाली तुम्ही बारा पानं लिहिली आहेत. (बारा पानांना वेळ होता, 'यापुढचे सोपे आहे'च्या जागी दोन ओळी लिहायला नव्हता. असो.) ती मालकांनी जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि सुट्टी संपल्यावर सगळ्यांना अंगणात उभं करून जाहीर केलं की यंत्र दुरुस्त होईपर्यंत नेटवर्क माणसं चालवतील, नियम मात्र वहीतलेच राहतील. प्रत्येकाच्या छातीवर पत्त्याचा आकडा टाचला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशीही तोंडाने बोलायचं नाही, चिठ्ठीवर त्याचा आकडा लिहून पाठवायची. मोठा मजकूर असेल तर फाडून लागतील तेवढे तुकडे करायचे, तुकड्यांना नंबर द्यायचे, आणि ज्याला मिळतील त्याने ते जुळवून वाचायचे. दोन्ही इमारतींच्या मधे, अंगणात, गेटवे म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशींना खुर्ची टाकून बसवलं. इकडची चिठ्ठी तिकडे जायची तर मावशींच्या हातूनच. मला वाटलं, दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी ठिकाणावर येतील. आज बारावा दिवस आहे.

मावशी सुरुवातीला कुरकुरल्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या जागेचा अंदाज आला. आता त्या प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचतात आणि मगच सोडतात. नव्या इमारतीतल्या एकाने जुन्या इमारतीतल्या एकीला काहीतरी गोड लिहिलं होतं, मावशींनी ती चिठ्ठी परत केली आणि भर अंगणात म्हणाल्या, "असलं मी नेत नाही. आईला पाठव आधी तिच्या घरी." मालकांनी वही उघडून पाहिलं तर नको ती पॅकेटं (वहीत चिठ्ठ्यांना हेच नाव आहे) अडवणं हे गेटवेचं कामच निघालं! मावशींचा पगार वाढला. येणाऱ्या मापांचे तुकडे त्या कमरेच्या पिशवीत ठेवतात, त्यामुळे एका निवृत्त न्यायाधीशांच्या मापाचा सातवा तुकडा दोन दिवस पिशवीतच राहिला. साचेवाल्याने अंदाजपंचे काम उरकलं आणि न्यायाधीशांना दोन्ही कवळ्या वरच्याच गेल्या. त्यांचं पत्र आलं आहे, की हसता उत्तम येतं, चावता येत नाही.

आमचा साचेवाला आणि पॉलिशवाला यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक स्टूल. पण वहीत स्पष्ट लिहिलंय की चिठ्ठी पाठवण्याआधी पाठवणाऱ्याने 'आहेस का?' असं विचारावं, समोरच्याने 'आहे, तू आहेस का?' म्हणावं, आणि पहिल्याने पुन्हा 'आहे' म्हणावं. एवढं मात्र तोंडाने, आणि चिठ्ठीगणिक. सहा वर्षं ज्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही ते दोघे दिवसातून चाळीस वेळा एकमेकांना विचारू लागले की आहेस का. पहिले दोन दिवस दात खाऊन विचारलं. (कारखान्यात दातांना तोटा नाही.) चौथ्या दिवशी साचेवाल्याने विचारलं, तेव्हा पॉलिशवाल्याने 'आहे' म्हणायच्या ऐवजी ते स्टूलच त्याच्याकडे सरकवलं. आता ते स्टूल दोघांच्या मधे असतं आणि त्यावर दोघांचे डबे असतात. मी हे खिडकीतून पाहिलं. पण तुमच्यावरचा राग कमी होऊ नये म्हणून मी तोंड फिरवलं.

माझं स्वतःचं मात्र काही खरं नाही. मी तुम्हाला गाठायला यावं म्हणून दोन दिवसांची रजा मागितली. तो अर्ज कुणाकडे जातो हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. हिशेबनीसाला वाटलं भांडारवाल्याकडे, भांडारवाल्याला वाटलं हिशेबनीसाकडे. अर्ज दोघांच्या मधे फिरत राहिला. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर कोपऱ्यात एक आकडा असतो, हात लावील त्याने तो एकाने कमी करायचा आणि शून्य झाला की चिठ्ठी फाडून टाकायची. एकतिसाव्या फेरीला भांडारवाल्याने माझी रजा फाडली आणि मला 'मुदत संपली' अशी चिठ्ठी आली. शिवाय रोज सकाळी नऊला मी त्या बंद दारावर चार टकटका देऊन "आहेस का?" असं विचारायचं आणि वहीत नोंद करायची, अशी मालकांची आज्ञा आहे. बारा दिवस मी लिहितो आहे: चार पाठवल्या, शून्य आल्या, शंभर टक्के गहाळ. आता मापं कागदावर हातोहात आणून देणारी डॉक्टरांची माणसं जाता-येता बघतात. एका बाईंनी कनवटीचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले.

तेव्हा भाओजी, हात जोडून सांगतो, सगळं पोटात घालून या. नवी इमारत जोडली नाही तर कायम होणं राहिलं बाजूला, पुढचा अकरा महिन्यांचा कागदही मिळणार नाही. दाराचं काय करायचं ते तुम्हालाच ठाऊक असेल, दार तुमचं, बॅटरी तुमची, वही तुमची. सोमवारी पहिल्या गाडीने निघा, मी स्टेशनवर उभा असेन. मुलांना आशीर्वाद. ताईला नमस्कार, आणि तिला सांगा, मला आंघोळीचं सगळं समजतं.

तुमचा आज्ञाधारक (म्हणूनच तर हे झालं)
धाकटा मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मालकांची चिठ्ठी आली, पाच तुकड्यांत. जुळवून वाचली. इतक्या मोठ्या बिघाडात कारखाना एक दिवसही बंद पडू दिला नाही, दोन माणसांचं सहा वर्षांचं वैर मिटवलं, शेजारचे दोन कारखाने आपलं नेटवर्क बघायला येऊन गेले, म्हणून 'नेटवर्क दुरुस्त होईपर्यंत यांना कायम करण्यात येत आहे.' सही, शिक्का, तारीख. भाओजी, मी कायम झालो! हिला फोन केला, ती रडली, मीही थोडा रडलो, चष्मा या वेळी खरोखरच पुसावा लागला. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. तेव्हा वरची विनंती रद्द समजा. कृपा करून येऊ नका. गुडघ्याला आराम द्या, हवी तितकी आंघोळ करा.

ता. क. दुसरा. आत्ताच कळलं की मालकिणीने माहेरच्या ओळखीतला एक इंजिनीयर गुरुवारी बोलावला आहे. तो दाराला ओरखडाही न पाडता दहा मिनिटांत यंत्र सुरू करतो म्हणतात. तेव्हा भाओजी, याच, आणि बुधवारच्या आत या. आमची दारावरची घंटा तुम्ही दुरुस्त केलीत, ताईचं कपडे धुण्याचं यंत्र केलंत, बाबांचं घड्याळ केलंत. त्यातल्या एकाही वस्तूला नंतर भल्याभल्यांना हात लावता आला नाही, यावर आम्ही तुमच्या मागे पोट धरून हसत आलो. त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने माफी मागतो. आता माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, मेहुण्याची लाज राखा. आमचं नेटवर्क तुम्ही स्वतःच्या हाताने, मन लावून, नेहमीसारखंच दुरुस्त करून द्या.