उरलेले दोन दिवस

४ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

ही गेल्यापासून तुम्हाला पत्र लिहायला बसलो आणि तसाच उठलो, असं बरेचदा झालं. आज निमित्त मिळालं. हिच्या पर्समध्ये आमच्या दोघांचे थीम पार्कचे पास सापडले. तीन दिवसांचे घेतले होते. पहिला दिवस फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवरच हिला धाप लागली, तिथून दवाखाना गाठला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

उरलेले दोन दिवस महिनाअखेरपर्यंत चालतात. एकट्यानं जायचा धीर होत नाही. तुम्ही याल का माझ्याबरोबर? हिचा पास दुसऱ्या कुणाला चालत नाही म्हणे, तुमचं तिकीट मी काढीन.

गणवेशांच्या ऑर्डरी कितीही असोत, मशीनवर फार वेळ वाकून बसू नका. लोभ आहे, तो तुटू देऊ नका.

आपला,
जावई

११ फेब्रुवारी

जावईबापूंस,

पत्र पोचलं. दिवसभर मशीनला हात लावला नाही. हृदयानं अधू असलेल्या बायकोला झोपाळे-पाळणे दाखवायला नेणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. ठमीला घरी पडू दिलं असतंत, तर आज असती ती. आणि आता मला तिथं बोलावता? कशाला, मौज करायला?

पास फाडून टाका. जास्त लिहीत नाही. जेवणाची आबाळ करू नका.

ठमीची आई

१५ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न.

तुम्ही रागावलात, तो तुमचा हक्क आहे. पण एक गोष्ट आता सांगायलाच हवी. आम्ही निघायच्या आधीच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. घरी ठेवा नाहीतर फिरवून आणा, फरक पडणार नाही. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं हिनं मला बजावलं. म्हणाली, आई रडत शिवेल आणि शाळेतल्या पोरांच्या बाह्या वाकड्या होतील.

पास हिनंच काढले. एका दिवसाचे पुरेत म्हटलं तर माझ्यावर उखडली. म्हणाली, तीनच काढायचे, मला उद्याचा आणि परवाचा बेत करू दे.

मोठ्या पाळण्यांकडे आम्ही फिरकलोही नाही. तळ्यातल्या बदकाच्या होडीत बसलो. पायडल मी मारत होतो, ही डावी-उजवीचे हुकूम सोडत होती. होडी काठावर आपटली तेव्हा पोट धरून हसली. ते हसणं मी एकट्यानंच पाहिलंय, आई. निदान ती जागा तरी तुम्हाला दाखवावी, एवढंच मनात आहे.

लोभ मागायचा संकोच वाटतो, तरी मागतो.

आपला,
जावई

२३ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. काल तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पार्कच्या तिकीट-खिडकीवरच्या बाईंनी तुमच्या पासाबरोबर पुढं आलेल्या ठमीच्या पासावरचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही नवीन तिकिटासाठी पाकीट काढत होतात. ही माझी मुलगी होती, असं मी सांगितलं. त्यांनी तोच पास पंच करून माझ्या हातात ठेवला.

त्या उंच आकाशपाळण्यात मी घाबरेन म्हणून तुम्ही मला धीर देत होतात. वर थांबला तेव्हा डोळे कुणी मिटले होते, ते मी पाहिलं हो! जन्मभर लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस!

होडीत मात्र मी गप्प होते. काठ दाखवलात, मी नुसती मान हलवली. मी रडले असते तर तुम्हाला सावरायला तिथं कुणी नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर सगळं बाहेर आलं. किती बारीक झालात तुम्ही.

पासाचा एक दिवस अजून बाकी आहे. तो तिथं नका घालवू. रविवारी इकडे या. ठमीच्या खोलीचं दार ती गेल्यापासून मी उघडलेलं नाही. कडीपर्यंत हात जातो आणि परत येतो. तुम्ही आलात की उघडू.

वाट पाहते.

आई