बाबांच्या पाखरांचं संकेतस्थळ

प्रिय गंधार,

बाबांच्या पाखरांच्या साइटची नवी आवृत्ती रविवारी चढवणार, असं तू कळवलंस. चढवू नकोस. निदान हे पत्र वाचेपर्यंत थांब. टेकडीवर पाखरांचे आवाज बाबांनी टिपलेले, साइट तू बांधलेली, आणि मी कॉलेजात मराठी शिकवणारी. तरी गेल्या आठवड्यात तुझं बरंचसं काम मी काढून टाकलं आहे. तुला न विचारता.

झालं असं, की आईच्या फोनवर साइट उघडेना. नुसतं पांढरं पान. फोन जुना आहे, पण चालतो, आणि चालतो तोवर बदलायचा नाही ही आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. बाबांच्या टेकडीवरच्या मित्रांचीही तीच तक्रार. बाबा गेल्यापासून ही मंडळी फिरून आली की साइट उघडतात. आईने तुला फोन केला नाही. "त्याला म्हणावं, तांबट समोरच्या उंबरावर दिसतो, ओरडतो. तुझ्याच पानावर तेवढा बेपत्ता," एवढं मला म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मी तुझा कोड वाचला. पक्ष्याचं नाव, वर्णन, फोटो, सगळं जावास्क्रिप्टने येऊन मांडायचं, मग ते दिसायचं. ती अडली की काहीच नाही. एवढ्याशा साइटला हे कशाला? नावं आणि वर्णनं मी साध्या एचटीएमएलमध्ये लिहून काढली. सरकत्या मेनूच्या जागी साधे दुवे दिले. आवाजासाठी तू घडवलेला प्लेअर काढला. ब्राउझरकडे स्वतःचा असतोच. जावास्क्रिप्टवर माझा राग नाही. रंग आणि आकार निवडून पक्षी शोधायची तुझी सोय मी ठेवली आहे. ती उपयोगाची आहे, आणि चालली नाही तरी खालची यादी वाचता येते. विशेषण काढून वाक्य उभं राहतं का पाहा, असं मी वर्गात सांगते. इथे तेच केलं.

प्लेअर काढल्यावर आणखी एक कळलं. प्रत्येक ध्वनिमुद्रण तू पक्षी ओरडतो तिथून वाजवत होतास. फाइल पूर्ण होती. स्क्रिप्ट सुरुवात ओलांडून पुढे जायची. "माझी बडबड वगळ रे," असं बाबांनीच सांगितलं असणार. आवाज टिपण्याआधी जागा, वार, पक्षी मोठ्याने सांगायची त्यांची पद्धत. ऐकणाऱ्याला तांबट हवा, बाबा कशाला? तेव्हा ते बरोबरच होतं.

बुधवारी सकाळी दुरुस्त साइट आईच्या फोनवर उघडून दिली. तिने तांबट लावला. "म्हातोबा टेकडी, मंगळवार, तांबट," बाबा म्हणाले. मग जरा हळू, आईला, "कुसुम, आता हलू नकोस." आई चहाचा कप ओट्यावर ठेवत होती. तो हातातच राहिला. तांबटाची टुकटुक चालू होती तोवर ती तशीच उभी होती. आवाज थांबल्यावर तिने कप ठेवला. "आता नीट चालतंय. गंधारला सांग, याला हात लावू नकोस म्हणावं." म्हणून लिहिलं.

तुझीच,
स्वराली