पन्हाळ्याची शिदोरी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, ता. १० फेब्रुवारी १९५८

प्रिय अंबू,

पत्र आधी दाजींच्या हातात पडलं तर त्यांना माझा नमस्कार सांग, आणि पुढचं तू एकटीनं वाच. धारा काढून झाल्या, पोरं शाळेत गेली, की कुठंतरी निवांत बस. दिवाळीत तू येऊन गेलीस त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू मला शिव्या घातल्याच असशील. घाल. पण थोड्या शिल्लक ठेव, पत्राच्या शेवटी लागतील.

इकडचं म्हणशील तर आण्णा पेन्शनीत निघाले आणि घरात दिवसभर मलाच शिकवतात. तुझी बया रोज संध्याकाळी अभ्यासाला माझ्याकडं येते. तिची मॅट्रिक महिन्यावर आली आहे. गणितात ती थोरल्या बहिणीवर, म्हणजे तुझ्यावर गेली आहे. मी तिची गणितं तपासत नाही, तीच माझी तपासते. तिला कॉलेजात जायचंय, आणि आक्कांना ते मुळीच पसंत नाही. तुझ्या आईला मी काय ओळखत नाही? परवा शनिवारी त्या माझ्याकडं आल्या होत्या. कशाला आल्या ते सांगते, पण आधी मला आपल्या पन्हाळ्याच्या सहलीबद्दल लिहू दे. त्याशिवाय पुढचं लिहायचा धीर होणार नाही.

एकोणपन्नासची संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मी उजाडायच्या आत तुमच्याकडं आले तर दोन्ही चुली धडधडत होत्या. आक्का तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होत्या आणि तू भरल्या वांग्यांच्या डब्यात बोट घालून चाटत होतीस. शेंगांची चटणी, खर्डा, गाडग्यात लावलेलं दही, केळीच्या पानात गुंडाळलेलं लोणी, गुऱ्हाळावरची ताजी काकवी, पुरणपोळ्या, आणि त्यांच्यावर घ्यायला तुपाची वेगळी बरणी. आमच्या आण्णांचं सोवळं म्हणून माझ्यासाठी दशम्या. "पाण्याचा थेंब न्हाई लावला पोरी, दुधातच भिजवलंय. तुझ्या आण्णास्नी सांग," असं आक्कांनी मला दोनदा बजावलं. त्या दशम्या मी बैलगाडीतच तुमच्या पिराजीला देऊन टाकल्या आणि तुमच्या भाकरीवर ताव मारला, हे आण्णांना अजून ठाऊक नाही. पिराजी बिचारा आधीच हिरमुसला होता. तुमच्या घरची शिदोरी आणि तिच्यात मटण नाही, असं त्या म्हाताऱ्या गड्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण "वाटंत जोतिबा हाय, वशाट न्ह्यायचं न्हाई," म्हणून आक्कांनी त्याला गप्प केलं होतं.

बुट्टी भरली तेव्हा ती पिराजीच्या डोक्यावर चढवायला दोघी लागल्या. एवढ्यानं भागलं नाही. जाजम निघालं, दोन लोड निघाले, आणि शेवटी फडक्यात बांधून चांदीच्या सहा वाट्या. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "आक्का, डोंगराला जेवाय बोलवलंयस व्हय?" आम्ही सगळ्या हसलो. आक्का जरा जास्तच हसल्या, आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

मग इरकलीवरून तुमचं वाजलं. आक्का म्हणत होत्या नवीन इरकल नेस, आणि तू अडून बसलीस. "करवंदीच्या जाळीत फाडून घिऊ व्हय? मी न्हाई नेसायची!" तेव्हा मी घरी पळाले आणि माझं एकुलतं एक रेशीमकाठी लुगडं नेसून आले. मला बघून तुझा राग कुठल्या कुठं गेला. "तू येडी, तर मीबी येडी," असं म्हणून तू इरकल नेसलीस. अंबू, हे वाक्य मी गेली नऊ वर्षं ऐकते आहे.

काय दिवस होता गं तो! जोतिबाचा डोंगर आक्का आपल्या पुढं चढल्या. दर्शन घेऊन पन्हाळ्याच्या वाटेला लागलो तेव्हा आपल्या सगळ्यांच्या कपाळावर गुलाल होता, आठ वर्षांची बया पिराजीचा हात धरून दर दहा पावलांवर "आता जेवायचं?" विचारत होती, आणि खालच्या रानातून गुऱ्हाळांचा धूर वर येत होता. वाळलेल्या गवतात तुझी इरकल सळसळत होती. तू मला भूमितीचे सिद्धांत पाठ म्हणायला लावत होतीस, कारण मी नापास झाले तर तुला एकटीला कॉलेजात जावं लागलं असतं. माझ्यावाचून जाणार नाही, असं तू ठरवूनच टाकलं होतंस. मला वाटतं, मी आयुष्यात इतकी सुखात कधीच चालले नाही. खोटं कशाला बोलू, मनात एक काटा होता, तरी सुखात होते.

पन्हाळ्यावर तीन दरवाज्याजवळ झाडाखाली सहा माणसं बसली होती. आक्का थबकल्या आणि म्हणाल्या, "आगं बाई, पावणं! तुम्ही हितं कसं? बसा की, चार घास खावा आमच्यासंगं." जाजम अंथरलं गेलं, लोड टेकवले गेले, चांदीच्या वाट्या बाहेर आल्या. वाट्या सहाच होत्या. तुला कसलाच संशय आला नाही. तू नेहमीसारखीच वागलीस, मोठमोठ्यानं बोललीस, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलंस. बुरुज किती उंच असेल असं त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, तर काठी रोवून, सावल्या मोजून तू उंची काढून दाखवलीस. "पोरीचं डोस्कं चालतंय की," म्हणून तो खूश झाला. गरीब मांजरासारखा एक तरुण पलीकडं मान खाली घालून पुरणपोळी खात होता. तेच आपले दाजी.

अंबू, मला माहीत होतं. आदल्या दिवशी आक्कांनी मला बोलावून सांगितलं होतं, "पावणं येणार हाईत. तिला कळलं तर कडी लावून बसंल. तू तेवढी तिला नटवून आण." मी सतरा वर्षांची होते. एवढ्या मोठ्या बाईनं माझ्यावर विश्वास टाकला याचंच मला अप्रूप. वाटलं, पुढं अंबूला कळेल तेव्हा ती लाजेल, मला चिमटा काढेल, गंमत होईल. ते रेशीमकाठी लुगडं मी त्यासाठी नेसले होते. तिसऱ्या दिवशी सुपारी फुटली आणि तू शाळेमागच्या चिंचेखाली येऊन मला धरून रडलीस. विचारलंस, "तुला ठावं न्हवतं न्हवं?" मी म्हणाले, नाही.

फाल्गुनात तुझं लग्न झालं. मार्चात मॅट्रिकला माझ्या पुढच्या बाकावर तुझा नंबर होता. गणिताच्या दिवशी पर्यवेक्षकांनी तिथं पेपर ठेवला, जरा वाट पाहिली आणि परत उचलून नेला. मी पास झाले, मास्तरीण झाले, आणि देव त्या पोरींचं भलं करो, मला पाचवीचं गणितसुद्धा शिकवावं लागतं. दिवाळीत मी आत चहा करत होते तेव्हा तू त्यांच्या वह्या उघडल्यास. मी बाहेर आले तर तू पेन्सिल घेऊन सगळ्याच्या सगळ्या तपासत बसली होतीस. एक चूक सुटली नव्हती. मग डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "लई धूर हाय गं तुझ्या घरात." चहा मी स्टोव्हवर केला होता. त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं, पण मी तुझ्यापुढं बशी सरकवली आणि पोरांची चौकशी केली.

दाजी वाईट नाहीत, मला कळतं. तुला काही कमी नाही. पण विचारायला हवं होतं गं तुला. मी तर नक्कीच विचारायला हवं होतं.

आता शनिवारचं. आक्का आल्या त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बया तुझं ऐकती. येत्या ऐतवारी तिला पन्हाळ्याला न्हे. शिदोरीचं मी बघती, तू तेवढी तिला चांगलं लुगडं नेसव." मी म्हटलं, आक्का, परीक्षा तोंडावर आली आहे, मी नेणार नाही. त्यांना नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ. त्या चिडल्या. "मग काय तुझ्यासारखी बिनलग्नाची ठिवू? तू न्हाईस तर मी न्हेती. आमच्या अंबूचं काय वाईट झालं? सोन्यासारखा संसार हाय. नऊ वर्सांत तिच्या तोंडातनं सबुद न्हाई." संध्याकाळी मी बयाला सगळं सांगितलं, चिंचेखालचं माझं खोटंसुद्धा. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच विचारलं, "अंबूताईला ठावं हाय?" म्हणून हे पत्र. बया नाही म्हणायला तयार आहे, पण एकट्या पोरीचं आक्का ऐकणार नाहीत, आणि माझं तर नाहीच नाही. शनिवारच्या एसटीनं ये, अंबू. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस, माझ्या दारावरून तशीच पुढं जा आणि आक्कांसमोर बस. अंबूचं काय वाईट झालं, असं त्या विचारतात, आणि याचं उत्तर मला देता येत नाही, ते तुझं आहे. तू गप्प राहिलीस त्यालाच त्या सुख समजून बसल्या आहेत. ये, आणि एकदा तरी त्यांना सांग.

रागावलीस तरी तुझीच,
कालिंदी