स्कारासेवरची पंचवीस मिनिटं

जहाजावरून, गॉलवेच्या उपसागराजवळ
५ जून २०१८

लाडक्या मार्सली,

तुझ्याकडे ड्युनेडिनला आता हिवाळा लागला असेल. छातीला जप, रात्रपाळीवरून येताना डोकं झाकून घेत जा. डिसेंबरात तू गेल्यापासून आपण धड बोललो नाही, म्हणून पत्र लिहितेय. फोनवर तुझे आणि माझे शब्द एकमेकांवर आपटतात.

आम्ही दोघं ठीक आहोत. फालमथहून निघालो, वेल्सचा किनारा झाला, कॉर्कला एक दिवस थांबलो. आज सकाळी अॅरन बेटांवर उतरायचं होतं, पण लाटा फार होत्या, म्हणून लांबूनच बघितली. तुझे बाबा डेकवर उभे होते. चाळीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस, त्याला कुणी 'प्रवासी' म्हटलेलं चालतच नाही. खलाशांना हुकूम सोडत असतो. आमच्या सहलीचा प्रमुख जागो म्हणून एक कॉर्निश माणूस आहे, तो त्याला 'कप्तान' म्हणतो आणि सलाम ठोकतो. तेवढ्यानं आमचा कप्तान तोरमोद खूश असतो.

जेवायला आमच्या टेबलावर ब्रीद नावाची गॉलवेची विधवा बाई असते. काल तोरमोदनं तिला चार वेळा विचारलं, "तू कुणाची मुलगी?" तिनं चारही वेळा वेगवेगळ्या बापांची नावं सांगितली. नंतर मला हळूच म्हणाली, "आमच्या आईनं ऐकलं असतं तर जिवंत गाडलं असतं मला." मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी हसले ते आठवत नाही.

तुला आवडणार नाही हे माहीत आहे, पण लिहिते. बाराव्या तारखेला जहाज स्कारासेला थांबणार आहे. मी हीच सफर निवडली ती त्यासाठी. सगळी वस्ती हलवली तेव्हा ज्या बेटावरून तोरमोदला बारा वर्षांचा असताना उठवून नेलं, तिथं एकदा त्याला उभं करायचंय. घर ओळखलं, तर कदाचित मलाही ओळखेल. तू म्हणाली होतीस, नेऊ नकोस, तो आणखी गोंधळेल. तू नर्स आहेस, तुला कळतं. पण त्याच्याबरोबर राहते मी.

वृद्धाश्रमाचा तो अर्ज मी फाडला तेव्हा तुला जे बोलले, ते बोलायला नको होतं. त्यावर नंतर कधीतरी.

हस्ताक्षर वाकडं आलंय. उजवं मनगट जरा सुजलंय, बाथरूमच्या दारात अडकलं होतं. काळजी करू नकोस.

तुझी,
आई


लॅखीचं घर, हॅरिस
१३ जून, सकाळ

मार्सली,

तुला काल पोलिसांनी फोन केला, मग मी केला. बाबा स्कारासेवर हरवलेत, धुकं आहे, शोध चालू आहे, एवढं तुला माहीत आहे. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही. खोलीत माणसं होती म्हणून नाही. बोलताच आलं नसतं.

मनगट दारात अडकलं नव्हतं. त्यानं पिरगळलं. मार्चपासून तो हे करतो. सकाळी उठून मला बघतो, घरात कुणी परकी बाई शिरलीय असं त्याला वाटतं. दुपारपर्यंत शांत होतो आणि माझ्याच हातचं सूप पितो. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर मुळीच नाही, कारण तुला मी म्हटलं होतं, "तुला बाप नकोसा झालाय."

काल अकरा वाजता आम्ही रबरी होडीतून उतरलो. जागोनं दोन तास दिले होते. वाळूवर पाय टेकताच तोरमोद बदलला, हे खोटं नाही. पाठ ताठ झाली. "इथं आम्ही होडी ओढून ठेवायचो," म्हणाला. दगडांची एक रांग दाखवून म्हणाला, "ही माझ्या काकाची होडीची जागा." लोक थक्क होऊन ऐकत होते. ब्रीद रडली. मला वाटलं, मी जिंकले. तुझ्याविरुद्धच जिंकले, हेही मनात आलं.

मग बाकीचे पक्षी बघायला गेले आणि आम्ही दोघं त्याच्या घरात शिरलो. भिंती आहेत, छप्पर नाही, आत कमरेएवढं खाजरं तण. तो दारातून आत-बाहेर करत होता. आईला हाका मारत होता, बेटावरच्या गेलिक बोलीत, लहान मुलाच्या आवाजात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला आणि म्हणाला, "तू कोण? तू माझ्या आईचं काय केलंस?" मी म्हटलं, "तोरमोद, मी इशबेल." त्यानं तोच हात पकडला, दुखरा, आणि पिरगळला. "चालती हो आमच्या घरातून," म्हणाला.

मी बाहेर येऊन भिंतीवर बसले. तो मागच्या बाजूनं निघाला, टेकडीकडे. निळं जाकीट घातलेलं होतं. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं.

पोलिसाला मी सांगितलंय की मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तो दिसेनासा झाला. मार्सली, मी वाकले नव्हते. मी त्याला जाताना बघत होते. तो टेकडीच्या धारेवर पोचला, थांबला, मागं वळून खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. हाक ऐकू गेली असती. मी मारली नाही. मनात दोनच शब्द होते: जाऊ दे. मग तो धारेपलीकडे उतरला आणि पश्चिमेकडून धुकं आलं, आणि तरीही मी बसून राहिले. ऊन नव्हतं तरी पाठीला ऊब वाटत होती. कुणी मला हाक मारत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. मला झोप येत होती.

पंचवीस मिनिटं.

मग उठून जागोकडे गेले. धावत नाही, चालत. म्हटलं, "तोरमोद आत्ताच होता इथं. दोन मिनिटांपूर्वी." त्यामुळे सगळे त्या पडक्या वाडीच्या आसपास शोधत राहिले. दोन मिनिटांत म्हातारा माणूस जाऊन जाऊन किती लांब जाणार? संध्याकाळी बचावपथक आलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. तेव्हा खरं सांगायचं धैर्य नव्हतं आणि दर तासाला ते आणखी कमी होत गेलं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. जहाजाला निघणं भाग होतं. ब्रीदनं माझी बॅग भरून होडीत ठेवली, मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं." त्या क्षणी समुद्रात पडावं असं वाटलं.

शेजारच्या या बेटावर लॅखीच्या घरी मला ठेवलंय. स्कारासेवर याचीच मेंढरं चरतात. ते सगळे आज पुन्हा वाडीभोवतीच शोधणार आहेत, माझ्या शब्दावर. तो जिवंत असला, तर मी त्याला दुसऱ्यांदा मारतेय.

खाली लॅखी बूट घालतोय, आवाज येतोय. पत्र इथंच सोडते आणि त्याला सांगायला जाते.


स्टॉर्नोवे
१९ जून

मार्सली,

बाबा जगले. हे तुला कळलंय, पण कसे सापडले ते नीट कळलेलं नाही.

मी जिन्यावरून खाली गेले आणि लॅखीला म्हटलं, "दोन मिनिटं नव्हती, पंचवीस होती. तो टेकडीपलीकडे उतरला. मी बघितलं." त्याची बायको स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. लॅखीनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि म्हणाला, "मग तो पश्चिमेच्या अंगाला आहे. तिकडे मेंढरांचा आडोसा आहे." होडी घेऊन तो वळसा घालून गेला. आडोशात मेंढरांमध्ये तोरमोद पडला होता. त्यांच्या उबेनं वाचला, असं डॉक्टर म्हणतात. फुप्फुसांत पाणी झालंय, दगडांत चेचलेली डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

नंतर पोलीस लॅखीकडे आला, वेळेचा घोळ कसा झाला म्हणून. मी तिथंच होते. माझं तोंड उघडायच्या आत लॅखी म्हणाला, "धुक्यात घड्याळाचा काय भरवसा." पोलिसानं वही मिटली. मला खोटं बोलायचीही गरज उरली नाही. दोन दिवस मी त्या माणसाचा राग करत होते.

तोरमोदला काही आठवत नाही. बेट नाही, घर नाही, रात्र नाही. त्याच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बिचारा. सापडला का तो?" मी म्हटलं, सापडला. मग त्यानं माझा हात घेतला, हळूच, आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही. रोज आता असंच करतो. पूर्वी पिरगळायचा ते मी सोसलं. हे सोसवत नाही.

इथल्याच वृद्धाश्रमात त्याला ठेवायचं ठरलंय. कागद आले, मी सही केली. शहाण्या माणसासारखा विचार करून केली असं समजू नकोस. माझ्या एकटीच्या हाती त्याला सोपवणं बरोबर नाही, हे मला आता माहीत आहे, म्हणून केली.

परवा तू फोनवर रडत म्हणालीस, "आई, तुझा काही दोष नाही. तू माझ्यापेक्षा चांगली निघालीस. मला माफ कर." मी गप्प राहिले. तुला वाटलं मी रडतेय. सहा महिन्यांनी तुझा तो आवाज ऐकला, आणि मला तो ठेवून घ्यावासा वाटला. तेरा तारखेचं पत्र तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होतं. आज सकाळपर्यंत होतं. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यापाशी मी दोनदा जाऊन उभी राहिले. लॅखी बोलणार नाही, तोरमोदला आठवणार नाही. मी फाडलं असतं, तर आयुष्यभर तू माझी तीच मुलगी राहिली असतीस.

ते पत्र आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. तुझ्याकडे पोचायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर तू फोन करशील आणि मी तुझं प्रेमाचं बोलणं ऐकून घेईन, एवढी चोरी मला करू दे.

वाचून झाल्यावर फोन करायचा की नाही, ते तू ठरव. मी वाट बघणार नाही, असं लिहिणार होते. बघणार आहे.

इशबेल
(आई लिहायचं की नाही, ते तू सांगितल्यावर)