नवमीची सवाष्ण

आई, तू गेलीस त्या वयाच्या पुढं मी कधीच निघून आले. तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून उंबऱ्यातच उभी असते, हातात पिशवी, आणि तू चुलीपुढून न उठता म्हणतेस, "त्या घरचं पाणीसुदिक मी पिणार न्हाई. ध्यानात ठिव." लग्नाच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती. मला नांदवतही नव्हता आणि काडीमोडही देत नव्हता. दुष्काळात खडी फोडायला वडीगोद्रीच्या रस्त्यावर गेले, आणि तिथं सायकलचं दुकान चालवणाऱ्या विधुराच्या घरी, लग्नावाचून, राहायचं ठरवून आले. हे सांगितल्यावर तुझी जीभ थांबेना. पण जीभ चालू असताना तुझे हात काळा मसाला फडक्यात बांधत होते. ते गाठोडं माझ्या पिशवीत कोंबलंस आणि पाठ फिरवलीस. त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही.

त्या घरात दोन मुली होत्या. धाकटी पाच वर्षांची, तिला कूस मिळाली की झोप. थोरली बारा वर्षांची. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मला नव्हे, भिंतीला: "आमची भाकर मी करते." चूल एक आणि करणाऱ्या दोघी. मी उठायच्या आत ती परातीत पीठ मळत बसलेली असायची. तिच्या भाकरी कडेला कच्च्या आणि मधे करपलेल्या. त्या ती खायची आणि धाकटीलाही खायला लावायची. माझ्या भाकरी आम्ही दोघं मोठी माणसं मान खाली घालून खायचो. ते म्हणायचे, "जबरदस्ती बिलकुल करू नको. येईल वळणावर." येईल तेव्हा येईल, तोवर मी त्या घरात आगंतुक. मला फार राग यायचा, आई. एवढ्याशा पोरीचा राग, आणि मग त्या रागाचीच लाज.

चैत्रात तू गेलीस, कपाळावरच्या कुंकवानिशी. दादानं कळवलं ते दहावा उरकल्यावर. थोरलीसमोर रडायचं नाही म्हणून मी विहिरीवर धुणं घेऊन गेले आणि धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. आता परतायला माहेरही उरलं नव्हतं.

भाद्रपदात पितृपक्ष लागला. कुंकवानिशी गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, ती जेवली की गेलेली जेवली, आणि तोवर घरात कुणी तोंडात घास घालत नाही, हे तुला मी काय सांगायचं. थोरली वर्षभर आपल्या आईच्या त्या दिवसाची वाट बघत होती. सकाळीच तिनं मला चुलीपासून उठवलं. पुरण तिनं शिजवलं आणि पाट्यावर वाटलंही तिनंच. वरवंटा तिला ओढवत नव्हता, ते मला बाहेर ओट्यावर ऐकू येत होतं आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. एकदाच आतून आवाज आला, तोही भिंतीलाच: "काळा मसाला संपलाय." मी तुझं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. आतून एक हात आला आणि घेऊन गेला.

मग ती बोलवायला गेली. शेजारीण म्हणाली, "आलेच बघ, तू हो पुढं." पाट मांडला, ताट वाढलं, शेजारी चोळीचा खण ठेवला. दुपार कलली तरी कुणी येईना. धाकटी भुकेनं रडायला लागली. थोरली पुन्हा घरोघर फिरली आणि परत आली ती एकटीच. कुणा एकीनं तिला तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या बापानं ती बाई ठिवलीय, तवर तुमच्यात पाण्याला बी कोण येणार न्हाई." तुझेच शब्द, दुसरीच्या तोंडून.

ते म्हणाले, "वाटूरहून बहिणीला घेऊन येतो. जल्दी येतो."

"तवर आई उपाशी?" पोरगी म्हणाली.

मी आत जाऊन पिशवी भरली. मी घराबाहेर पडले तर बायका येतील, एवढं तर मला कळत होतं. जायचं कुठं ते कळत नव्हतं. दारात पोचले तशी ती आडवी आली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"तुझा नवरा जित्ता हाय ना?"

"हाय. तिकडं राजूरकडं."

"मंग तू सवाष्ण हायेस. पाटावर बस."

आई, त्या माणसाचा जन्मात मला एवढाच उपयोग झाला. मी पिशवी ठेवली आणि बसले. तिनं मला कुंकू लावलं. पोळी फाटलेली, पुरण भरभरीत. ताटात टाकायचं नाही, ही तुझी शिस्त, म्हणून मी सगळं खाल्लं. ती समोर उकिडवी बसून माझा घास न् घास बघत होती. मग हळूच म्हणाली, "आईला आवडलं असंल का?"

"आवडलं," मी म्हणाले. "आमटी आणखी वाढ."

तिनं वाटी भरली, आणि मग धाकटीला ओढून माझ्याच शेजारी जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी मी उठले तर परात कोरडी होती. थोरली डोळे मिटून पडून होती, पण जागी होती. मी पीठ घेतलं आणि चौघांच्या भाकरी केल्या. सगळ्या संपल्या.

हा कागद मी मसाल्याच्या डब्याखाली घडी करून ठेवणार आहे, कारण पाठवायला पत्ता नाही. एकच सांगायचं राहिलं. त्याच नवमीला दादाकडं तुझ्या नावानंही पाट मांडला असेल. मला कुणी बोलावलं नव्हतं. आणि इथं समोर तुझ्या मसाल्याची आमटी होती, अगदी तुझ्या हातची चव. म्हणून ती दुसरी वाटी मी तुझ्या नावानं घेतली, कुणाला न सांगता. त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नव्हतीस ना तू? वाटीभर आमटी प्यायलीस, बोटानं पुसून.