मुकं झालेलं तितर

माऊलीदादा,

काल फोनवर तू इचारलंस, "तितर वरडतंय का गं?" मी हाव म्हणले. ते खोटं हाय.

तू न आई ऊसतोडीला जाताना तू बजावलंतंस, पिंजऱ्यात त्याला एकलंच ठिवायचं. एकलं असलं की ते वरडतं, मग रानातली तितरं जवळ येऊन फाशात घावत्यात. मी तसंच केलं. दिसभर वरडायचं दादा. घरात मी बी एकलीच, लई ऐकू यायचं.

गेल्या हप्त्यात बांधावरच्या फाशात एक मादी घावली. कापायला बसले, पर हात उचलंना. तिला त्याच्याच पिंजऱ्यात सोडली. तवापासून ते गप हाय अन फासे रिकामे हायेत. तू म्हणशील, "बावळे, त्याला शिकवायची दोन सालाची मेहनत वाया घातलीस."

मादी काढली की परत वरडंल, ठाव हाय मला. रोज पिंजऱ्याचं दार उघडते अन तसंच लावते.

तुमची टोळी रोज उसाचा फड बदलती, पत्र कुठं धाडू? काल फोन ठिवल्यावर मी बांधावर जाऊन तुझ्या नावानं हाळी दिली. आपली शेरडंच तेवढी पळत आली.

तुझी,
बबी