टोफू, फडक्यात बांधून

बंगळुरू

ती. राजाताई,
वाकून नमस्कार.

खरवईला तू दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचीस. कॉन्व्हेंटातून आल्या आल्या चक्का मी खायची, तुला फडक्याला चिकटलेला उरायचा.

परवा तुझ्याकडे आले होते तेव्हा टोफूचं, त्या सोयाबीनच्या पनीरचं, पाकीट दाखवून तू विचारलंस, "हे कसं करतात गं?" तुझ्या सुनेसमोर, तेजलसमोर, मी हसले. "पाकिटावर लिहिलंय की, ताई." इंग्रजीत होतं ते. तू पाकीट गुपचूप ठेवून दिलंस. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते.

खरं तर मलाही येत नव्हतं. इथे परतल्यावर करून पाहिलं, तर पहिल्यांदा तव्यावर भुगाच झाला. मग तू दही बांधायचीस तसा टोफू फडक्यात बांधून जड पातेल्याखाली ठेवला. पाणी निघालं. तुकड्यांना हळद, तिखट, मीठ लावून थोड्या तेलात परतले, छान झाले.

गुडघा कसा आहे?

असा करशील तेव्हा पहिली वाटी तू घे. दुसरी तेजलला दे आणि सांग, मावशीलाही येत नव्हतं.

तुझी,
हेमा